चवथीला घर भरण्याआधी वायफायची तयारी

प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि आतल्या खोलीत साधा व्हिडिओ कॉल अडकतो, ही तक्रार गोव्यातल्या जुन्या घरांत नवी नाही. घरात दोघंतिघंच असतात तोवर ते चालून जातं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्याहून माणसं येतात, त्यातला कुणीतरी आरती आटोपली की लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगला बसतो, कुणी दुबईतल्या भावाला गणपती लाइव्ह दाखवतं, आणि मग घराचं पितळ उघडं पडतं. म्हणून निदान पंधरा दिवस आधी हात घाला; सणाच्या तोंडावर लाइनमनला बोलावून तो वेळेत येईलच असं नाही. पहिलं काम मात्र नवा राउटर मागवण्याचं नव्हे. दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा की घरातल्या वायफायचा, हे आधी ठरवायचं.

त्यासाठी लॅपटॉप, चांगली लॅन केबल आणि एक वही एवढं पुरतं. लॅपटॉपला लॅनचा खाचा नसेल तर यूएसबीवर चालणारा अडॅप्टर शेजाऱ्याकडून मागून आणा. फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा: ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही, तिथे घरात काही करण्यासारखं नाही. फार तर भिंतीच्या कोपऱ्यात किंवा खिळ्यावर ती पातळ तार तीक्ष्ण मोडली आहे का, तेवढं बघावं. लाइनमन आला की त्याला मीटरवरचा आकडा, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद (डीबीएममध्ये), मोठ्याने वाचायला सांगा. उणे पंधरा ते उणे पंचवीसच्या दरम्यान असेल तर ठीक. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला तर सांधा किंवा तार त्यालाच बदलावी लागेल.

दिवे ठीक असले तर वायफाय बंद करा, लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि वेग मोजा. २०० च्या प्लॅनवर आकडा ९४-९५ ला येऊन अडला तर तो जवळजवळ नेहमी तारेचा किंवा पोर्टचा मामला असतो. केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटली, किंवा आपल्या हवेत प्लगच्या धातूच्या टोकांवर गंज चढला, की जोडणी १०० वर उतरते. स्वस्त राउटरांचे पोर्ट तर मुळातच १०० चे असतात, मग प्लॅन कितीही मोठा घ्या.

आता खरी परीक्षा, आणि ही टाळू नका. लॅपटॉप पुन्हा वायफायवर घ्या, दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरलाच अखंड पिंग लावा, म्हणजे हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजत राहा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या पोटावरच्या चिठ्ठीवर सापडेल), दुसरीत ८.८.८.८ ला, हा बाहेरचा, गूगलचा पत्ता. मग लॅपटॉप हातात घेऊन बाल्कांवपासून (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीपासून) राजांगण, म्हणजे घराच्या मधलं अंगण, ओलांडून मागच्या न्हाणीपर्यंत सावकाश चाला. राउटरचं उत्तर दोन-पाच मिलीसेकंदांत येत राहिलं आणि बाहेरचं मात्र उड्या मारू लागलं, तर तक्रार कंपनीकडे न्यायची. राउटरचंच उत्तर दोनशे-तीनशेवर गेलं किंवा गळालं, तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही, दोष हवेत, म्हणजे घरातल्या वायफायत आहे. कुठल्या खोलीत, किती वाजता, काय आकडा आला, ते वहीत टिपा. संध्याकाळी सात ते दहा पुन्हा एकदा हेच करा. कॉल सेंटरवरच्या माणसाला ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की तो ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणतो. वेळेसकट आकडे वाचून दाखवले की बोलणं पुढे सरकतं.

बहुतेक जुन्या घरांत दोष हवेतच निघतो, आणि त्याचं कारण भिंती. चिऱ्याच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना दोन खोल्यांपलीकडे फारसं जाऊ देत नाहीत. पावसाळ्यात भिंती ओल पितात, पाणी रेडिओलहरी खातं, त्यामुळे मे महिन्यात चाललेली जागा श्रावणात चालेनाशी होते. वायफायच्या दुसऱ्या, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा पल्ला लांब, पण तो गर्दीचा. तिथे पन्नास-साठ एमबीपीएस मिळाले तरी पुष्कळ. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात, ते सलग मिळायला हवेत एवढंच. त्यामुळे राउटर बाल्कांवच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाशेजारी असेल तर घराच्या मध्यावर, उंचावर आणा. ओल लागू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी घालू नका, आत तापतो. उबेला मुंग्याही येतात, तेव्हा उलटा करून बघून घ्या.

चॅनल, म्हणजे पट्ट्यातल्या क्रमांकाच्या वाटा, राउटरच्या सेटिंगमध्ये एकदाच नीट लावायचे. २.४ वर १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. शेजारी काय वापरतात ते फोनवरच्या वायफाय अॅनालायझर अॅपमध्ये दिसतं. ५ वर ३६ ते ४८ मध्ये राहा. ५२ पासून १४४ पर्यंतच्या चॅनलवर राउटरला रडारची चाहूल लागली तर चॅनल सोडून पळावं लागतं, तसा नियमच आहे. दाबोळी-वास्कोकडे, नौदलाच्या तळाच्या आसपास राहणाऱ्यांचं नेट कारण नसताना मिनिटभर जात असेल तर आधी हे तपासा.

एवढ्यानेही मागची खोली कोरडीच राहिली तर रिपीटर घेण्याआधी विचार करा. रिपीटर म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा; साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. तोही अर्धमेल्या सिग्नलच्या जागी लावला तर अर्धमेलंच पुढे पाठवतो. माझं मत ठाम आहे: तार ओढा. कौलारू घरात तर ते सोपं, कॅट-६ केबल माळ्यावरून वाशांच्या कडेने नेली की भिंत फोडावी लागत नाही. शंभर मीटरपर्यंत ती चालते. टोकाला जुना राउटर अॅक्सेस पॉइंट (तारेवरून आलेलं नेट वायफायने देणारं टोक) म्हणून लावा, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, नाव आणि पासवर्ड पहिल्याचेच द्या. अंगणापलीकडच्या वेगळ्या इमारतीत मात्र तांब्याची तार नेऊ नका. विजा कडाडतात तेव्हा ती दोन्हीकडची उपकरणं घेऊन जाते. तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांब्याची जोडणी फायबरवर आणि परत आणणारे डबे.

वीज गेल्यावरही नेट चालावं म्हणून राउटरचा छोटा यूपीएस (बॅटरीचा डबा) घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोघांनाही पुरेल असा, आणि अॅडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचून मगच. एकाला ९ आणि दुसऱ्याला १२ व्होल्ट लागतात असंही होतं.

दर्शनाच्या दिवशी आणखी एक गंमत होते. माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवाचे), नेवरीचे (करंजीचे), आरतीचे फोटो-व्हिडिओ सगळे फोन एकाच वेळी वर चढवू लागतात, अपलोड तुंबतं आणि डाउनलोड भरपूर असूनही कॉल अडखळतो. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर दोन्ही दिशांची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा. नसेल तर फोटो बॅकअप रात्रीपुरता ठेवायला पाहुण्यांना आल्या आल्या सांगा, लाजू नका.

पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क चालू करून पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहून वसरीत (ओसरीत) चिकटवा. त्यात शून्य आणि इंग्रजी ओ एकत्र ठेवू नका.