ओकॅमलमध्ये '_वीक१ दिसलं की काय करायचं

ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेत लेट आर = रेफ [] लिहिलं (कोड इथं देवनागरीत लिहितोय, समजून घ्या) आणि समोर '_वीक१ लिस्ट रेफ आलं तर घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही, कंपायलर (कोड तपासणारा प्रोग्राम) एवढंच म्हणतोय की टाइप, म्हणजे लिस्टमध्ये आकडे असणार की मजकूर की आणखी काही, अजून ठरायचाय आणि ठरला की एकदाच ठरणार.

का ते कळायला आमच्या सांगलीशेजारच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं, घ्या. समजा पेव रिकामं आहे आणि पावतीवर लिहिलंय 'कुठलाही माल'. एकानं ती दाखवून हळद भरली, दुसरा तीच पावती घेऊन आला आणि म्हणतोय माझा गूळ काढा. रेफ म्हणजे असलंच पेव, आतला माल नंतर बदलता येणारं. नुसती रिकामी लिस्ट कुठल्याही टाइपची चालते कारण तिच्यात नंतर कुणी काही घालू शकत नाही, पण आर := [१] करून, म्हणजे आकडा भरून, पुढं त्यातनं स्ट्रिंग (मजकूर) काढता आली असती तर प्रोग्राम चालता चालता आडवाच झाला असता.

एमएलवाल्यांनी (ओकॅमल ज्या भाषांच्या घराण्यातली ते एमएल) यावर बरीच डोकेफोड केली. शेवटी १९९५ ला अँड्र्यू राइट या संशोधकानं सोपं सांगितलं, उजवीकडं फंक्शन नाहीतर कॉन्स्टंट असली तयार व्हॅल्यू असेल तरच टाइप सगळ्यांसाठी खुला करा, फंक्शनचा कॉल, म्हणजे ते चालवून मिळणारं उत्तर, असेल तर नको. स्टँडर्ड एमएलच्या १९९७ च्या आवृत्तीनं तेच उचललं. ओकॅमलनं पुढं जाक गारीग या संशोधकाच्या कामावरनं थोडी ढील दिली, म्हणून लिस्ट.रेव्ह [] कॉल असूनही पूर्ण खुला टाइप देतं.

आता उपाय. पेवात काय जाणार ते ठाऊक असेल तर सरळ लिहून टाका, लेट आर : इंट लिस्ट रेफ = रेफ [].

पण रेफ नसतानाही हे येतं. लेट जोड्या = लिस्ट.मॅप (फन एक्स -> (एक्स, एक्स)), यात पेव-बिव काही नाही, पण कंपायलर आत डोकावत नाही, कॉल दिसला की हात आखडतो, आणि लिस्ट.रेव्हची ढील इथं लागू होत नाही. मग आर्ग्युमेंट उघडं लिहायचं, लेट जोड्या एल = लिस्ट.मॅप (फन एक्स -> (एक्स, एक्स)) एल. झालं. याला ईटा एक्सपान्शन म्हणतात, नावच तेवढं भारी.

हीच युक्ती रेफवर मात्र जपून. लेट नवं () = रेफ [] केलं की टाइप खुला होतो खरा, पण प्रत्येक कॉलला नवं पेव खणलं जातं. मी एकदा कॅशला (आधी काढलेली उत्तरं साठवायची जागा) असंच केलं, एरर गेला म्हणून खूश होऊन चहाला गेलो आणि नंतर दीड दिवस शोधत बसलो की कॅश दरवेळी रिकामी का.