छातीची सखोल तपासणी कशी करावी: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी

शारीरिक तपासणीच्या चार पायऱ्या, म्हणजे पाहणे, हाताने चाचपणे, ठोकून पाहणे आणि ऐकणे, प्रत्येक विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीलाच पाठ होतात. पोट तपासताना मात्र पाहण्यापाठोपाठ ऐकावे लागते, कारण आधी दाबल्यास आतड्यांचे आवाज बदलू शकतात. एका पायरीवर जे आढळले ते दुसऱ्या पायरीवर आढळलेल्या गोष्टीशी ताडून पाहणे हे पुढच्या टप्प्याचे कौशल्य असून ते आत्मसात करण्यासाठी छातीइतका योग्य भाग दुसरा नाही.

सुरुवात श्वास मोजण्यापासून करावी आणि तो पूर्ण ६० सेकंद मोजावा. १५ सेकंद मोजून चारने गुणल्यास एका श्वासाची चूक नोंदीत चार श्वासांची होते. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीचा वेग मिनिटाला १२ ते २० इतका असल्याने हा फरक लहान नव्हे. आपले श्वास मोजले जात आहेत हे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो, म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगट तसेच हातात धरून नजर छातीकडे वळवावी. त्याच वेळी मानेचे स्नायू ताणले जात आहेत का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का आणि रुग्णाला एका दमात पूर्ण वाक्य बोलता येते का, हेही पाहून घ्यावे. थंडीमुळे नखे निळसर दिसू शकतात. जीभ निळसर असेल तर मात्र रक्तातच प्राणवायू कमी असण्याची शक्यता असते आणि ते तत्काळ कळवावे लागते.

पाठीकडून तपासताना, बसू शकणाऱ्या रुग्णाला दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन किंचित पुढे झुकायला सांगावे, म्हणजे खांद्याची पाती बाजूला सरकतात आणि फुफ्फुसावरचा मोठा भाग मोकळा होतो. दोन्ही अंगठे दहाव्या बरगडीच्या पातळीवर कण्याच्या दोन बाजूंना ठेवून, मधली त्वचा किंचित गोळा करून, खोल श्वास घ्यायला सांगावे. अंगठे सारख्या अंतराने दूर गेले पाहिजेत. एक अंगठा मागे राहिला, तर दोष बहुधा त्याच बाजूला असतो.

ठोकून पाहण्याची पायरी विद्यार्थी सर्वांत आधी सोडून देतात आणि माझ्या मते हे मोठे नुकसान आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये ही पद्धत ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा स्टेथोस्कोप अस्तित्वातही नव्हता. तो रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये तयार केला. डाव्या हाताचे मधले बोट बरगड्यांमधल्या जागेत घट्ट टेकवावे आणि बाकीची बोटे त्वचेपासून उचलून धरावीत, कारण ती टेकली तर आवाज दबतो. उजव्या हाताचे मधले बोट वाकवून त्याच्या टोकाने डाव्या बोटाच्या नखाजवळच्या सांध्यावर दोनदा ठोकावे. हालचाल कोपरातून न करता मनगटातून करावी आणि ठोकताच बोट उचलावे. हाताखाली हवा भरलेले फुफ्फुस असेल तर पोकळ आवाज येतो, यकृतावर तो बद्द येतो. सरावासाठी हे दोन आवाज आधी स्वतःच्या छातीवर ओळखायला शिकावे.

आता ताडून पाहण्याकडे येऊ. समजा उजव्या बाजूला खाली आवाज बद्द आला. न्यूमोनियात फुफ्फुसाचा भाग घट्ट झाला तरी तो बद्द येतो आणि फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साठले तरी बद्दच येतो. इथे हाताची कड छातीवर ठेवून रुग्णाला ‘एक, एक, एक’ असे म्हणायला सांगावे. घट्ट झालेल्या भागातून कंप अधिक जोरात जाणवतो, तर पाण्याच्या थरामुळे तो क्षीण होतो. आवरणात हवा शिरली असेल तरीही कंप क्षीणच असतो, पण तेव्हा ठोकल्यावर आवाज नेहमीपेक्षा अधिक पोकळ येतो. एकेका खुणेवरून जे ठरत नाही, ते या दोन खुणा एकत्र ठेवल्यावर बरेचसे स्पष्ट होते.

स्टेथोस्कोपची चकती कपड्यावरून न लावता त्वचेवर घट्ट टेकवावी. रुग्णाला तोंड उघडे ठेवून खोल श्वास घ्यायला सांगावे आणि प्रत्येक जागी एक पूर्ण श्वास व उच्छ्वास ऐकावा. वरून खाली येताना उजवी बाजू ऐकली की लगेच डावीकडे त्याच पातळीवर ऐकावे. उजव्या फुफ्फुसाचा मधला खंड पाठीकडून जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे पुढची बाजू आणि काख कधीही वगळू नये. मध्येच रुग्णाला गरगरू लागले तर थांबून त्याला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा. चुरचुर ऐकू आल्यास खोकायला सांगून पुन्हा ऐकावे. आवाज गेला तर तो बहुधा स्रावाचा होता. छातीवरचे केसही असाच आवाज करतात, ते पाण्याने ओले केले की शंका मिटते.

दम्याच्या तीव्र झटक्यातील रुग्णाची शिट्टीसारखी घरघर बंद झाली, की नवशिक्याला बरे वाटते. पण श्वासाची धडपड तशीच असताना छाती शांत झाली, तर हवा आतबाहेर होणेच जवळजवळ थांबलेले असू शकते. अशा वेळी रुग्णाला सोडून जाऊ नये, हाक मारून तत्काळ मदत बोलवावी.

नोंद करताना ‘छाती ठीक’ असे लिहू नये. ‘उजवीकडे, पाठीमागे, तळाशी श्वासाचा आवाज कमी, ठोकल्यावर बद्द, कंप क्षीण, श्वास मिनिटाला २६’ असे लिहिले, तर पुढच्या पाळीतील परिचारिकेला तीच जागा पुन्हा तपासून फरक सांगता येतो.