छाती कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं? पेन्सिल आणि बोटांनी शिकायची शरीररचना

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी छाती आणि पोट ही दोन वेगळी प्रकरणं म्हणून शिकवली जातात. डिसेक्शनही, म्हणजे मृतदेहाचं विच्छेदनही, वेगवेगळ्या आठवड्यांत होतं. त्यामुळे बरगड्या संपल्या की छाती संपली आणि तिथून खाली पोट, असं चित्र मनात पक्कं बसतं. ते चुकीचं आहे. श्वास पूर्ण सोडल्यावर डायफ्रॅमचा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याचा, उजवा घुमट पाचव्या बरगडीपर्यंत, म्हणजे जवळजवळ निप्पलच्या उंचीला येतो. यकृताचा बहुतेक भाग, सगळी प्लीहा (स्प्लीन) आणि जठराचा वरचा भाग हे पोटातले अवयव असूनही बरगड्यांच्या आड राहतात. निप्पलच्या खाली छातीत चाकू घुसलेला रुग्ण आला, तर त्याच्या पोटातही इजा झाली असेल असं धरूनच तपासणी करावी लागते. हे एकदा नीट उमगलं की दोन्ही प्रकरणं एकत्र, एकाच शरीरावर शिकावीशी वाटतात. ती तशी शिकायची एक पद्धत इथे देतो.

लागणारं सामान थोडंच आहे. त्वचेवर उमटणारी आणि धुतली की जाणारी पेन्सिल, मोजपट्टी आणि आरसा. सुरुवात स्वतःच्या शरीरावर करा. मग सोबत्याची परवानगी घेऊन, हात ऊबदार करून त्याच्यावर. आपलं शरीर मऊ किंवा भरलेलं असेल तर बरगड्या मोजायला वेळ लागतो, पण रुग्णही तसेच असतात, म्हणून तो सराव टाळू नका.

पहिली पायरी : दुसरी बरगडी शोधा

गळ्याच्या पायथ्याशी, दोन क्लॅव्हिकलच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडांच्या) मध्ये खोलगट खाच लागते. तिथून बोट स्टर्नमवरून, म्हणजे छातीच्या मधल्या उभ्या हाडावरून, सरळ खाली सरकवा. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. हाच स्टर्नल अँगल, लुईचा कोन. याच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या बरगडीची कूर्चा (हाडाच्या टोकाचा लवचीक भाग) जोडलेली असते. इथे आडवी रेघ ओढा.

सगळं काही या रेघेवर उभं आहे, म्हणून इथे घाई करू नका. बरगड्या पहिलीपासून मोजायला जाणं ही नेहमीची चूक. पहिली बरगडी क्लॅव्हिकलच्या मागे दडलेली असते, ती बोटाला लागतच नाही. तिसरीला दुसरी समजलात की पुढचा प्रत्येक आकडा एकाने चुकतो. या रेघेतून आडवं प्रतल मागे नेलं तर ते चौथ्या आणि पाचव्या वक्षीय (छातीच्या भागातल्या) मणक्यांच्या मधल्या चकतीवर पोचतं. महाधमनीची कमान याच पातळीवर सुरू होते आणि याच पातळीवर संपते. श्वासनलिकाही इथेच दोन फाट्यांत विभागते. एका उंचवट्यावर एवढं हाती लागतं!

दुसरी पायरी : खाली मोजत जा

दुसऱ्या बरगडीवरून बोट खाली घसरवलं की मऊ फट लागते, ती दुसरी इंटरकॉस्टल स्पेस, म्हणजे दोन बरगड्यांमधली जागा. फटीला तिच्या वरच्या बरगडीचा आकडा मिळतो, हे डोक्यात ठेवा. मोजताना स्टर्नमला चिकटून सरळ खाली येऊ नका. खालच्या कूर्चा तिथे एकमेकींत दाटलेल्या असतात. बोट तिरकं, खाली आणि बाहेर नेत मोजा. पहिल्या सात बरगड्या स्वतःच्या कूर्चेने स्टर्नमला मिळतात, आठवी ते दहावी वरच्या कूर्चेला टेकतात, अकरावी आणि बारावी पुढून मोकळ्या असतात.

निप्पलचा आधार घेऊन मोजू नका. पुरुषांत ते बहुधा चौथ्या फटीत असतं, स्त्रियांत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पाचव्या फटीत, डाव्या क्लॅव्हिकलच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेघेच्या किंचित आत बोटांची टोकं ठेवा. हृदयाच्या टोकाचा ठोका तिथे मिळतो, मध्यरेषेपासून सुमारे ९ सेंटिमीटरवर. मिळाला नाही तर सोबत्याला पुढे झुकायला किंवा डाव्या कुशीवर वळायला सांगा.

हृदयाचे आवाज ऐकायला स्टेथोस्कोप ठेवायच्या चार जागा पाठ करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. हृदयाच्या चारही झडपा स्टर्नमच्या मागे जवळजवळ दाटीत असतात. आपण जिथे ऐकतो ती झडपेची जागा नसते, रक्ताच्या प्रवाहाबरोबर आवाज जिथे स्पष्ट पोचतो ती जागा असते.

तिसरी पायरी : फुप्फुस आणि त्याचं आवरण, दोन वेगळ्या रेघा

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शांत श्वासात फुप्फुसाची खालची कड क्लॅव्हिकलच्या मध्यरेषेत सहाव्या बरगडीवर, काखेच्या मध्यरेषेत आठव्या आणि पाठीत कण्याजवळ दहाव्या बरगडीच्या पातळीवर असते. प्लुराची, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाची, कड त्याच तीन रेघांवर आठव्या, दहाव्या आणि बाराव्या बरगडीवर. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि दोन्ही रेघा पाठीपर्यंत ओढा. मधला दोन बरगड्यांचा पट्टा म्हणजे ज्यात शांत श्वासात फुप्फुस उतरत नाही अशी पोकळी. माणूस बसलेला असताना प्लुरातलं पाणी आधी इथेच साठतं.

आता त्याच पट्ट्याकडे पोटाच्या बाजूने बघा. डावीकडे मागच्या बाजूला नववी, दहावी आणि अकरावी बरगडी रंगवा. त्यांच्या आड प्लीहा आहे, तिचा लांब अक्ष दहाव्या बरगडीला धरून. तिथे सुई घुसली तर ती प्लुरा, डायफ्रॅम आणि प्लीहा अशी ओळीने भेदत जाते. म्हणून पाणी काढताना खूप खालची फट निवडत नाहीत. आणि सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून घालतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेच्या खोबणीत वरून खाली शीर (व्हेन), धमनी आणि नस (नर्व्ह) या क्रमाने असतात.

चौथी पायरी : पोटावर एक मधली रेघ

गळ्याची खाच आणि प्यूबिक सिम्फिसिस (ओटीपोटाच्या तळाशी पुढे असलेला हाडांचा सांधा) यांच्यातलं अंतर मोजा आणि बरोबर मध्यावर आडवी रेघ ओढा. ही ट्रान्सपायलोरिक रेघ, पहिल्या कटिमणक्याच्या (कमरेच्या भागातल्या मणक्याच्या) पातळीची. ती उजव्या बाजूला बरगड्यांच्या कडेला नवव्या कूर्चेजवळ छेदते, तिथे पित्ताशयाचं टोक. याच पातळीला स्वादुपिंडाची मान आणि आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीचा उगम असतो. मूत्रपिंडांची दारंही (जिथून त्यांच्या रक्तवाहिन्या आत-बाहेर जातात) इथेच, डावं रेघेच्या किंचित वर, उजवं किंचित खाली, कारण उजवीकडे वर यकृत बसलेलं आहे. मोठ्या माणसात मज्जारज्जूही साधारण इथेच संपतो. पायलोरस, म्हणजे जठराचं आतड्याकडचं तोंड, मात्र या रेघेवर आडव्या पडलेल्या माणसात सापडतो, उभं राहिलं की तो खाली सरकतो. पोटातले अवयव खिळ्याने ठोकलेले नाहीत.

खालच्या भागात दोनच खुणा पुरे. दोन्ही कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेघ चौथ्या कटिमणक्यावर जाते, महाधमनी त्याच सुमाराला दुभंगते. आणि उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे एक तृतीयांश अंतरावर मॅकबर्नीचा बिंदू, अपेंडिक्सच्या बुडाची खूण. बेंबी स्वतः मात्र खूण म्हणून कच्ची आहे, पोट सुटलं की ती खाली जाते. त्वचेच्या संवेदनेसाठी मात्र ती पक्की आहे, तिथली त्वचा दहाव्या वक्षीय नसेची. अपेंडिक्सची वेदना आधी बेंबीभोवती जाणवते, ती याच पातळीच्या नसांमुळे.

पाचवी पायरी : सीमा हलताना ऐका

शेवटी सोबत्याला उताणं झोपवा. उजव्या क्लॅव्हिकलच्या मध्यरेषेवर, तिसऱ्या फटीपासून खाली एकेका फटीत डाव्या हाताचं मधलं बोट टेकवा आणि उजव्या मधल्या बोटाने त्यावर टकटक करा. आधी पोकळ आवाज येईल, मग पाचव्या फटीच्या आसपास तो जड होईल. तिथे रेघ मारा. आता सोबत्याला खोल श्वास घेऊन धरून ठेवायला सांगा आणि त्याच जागी पुन्हा टकटक करा. जड आवाज पोकळ झालेला ऐकू येईल, कारण डायफ्रॅम खाली उतरला, त्याने यकृत खाली ढकललं आणि फुप्फुसाची कड तिथे आली. जड आवाज आता जिथून सुरू होतो, तिथे दुसरी रेघ मारा.