उन्हात झुकलेले ड्रोनचे हात असे सुधारले

मे महिन्यात दुपारी ड्रोन तासभर उन्हात ठेवला आणि मी घरी बनवलेले कार्बन फायबरचे हात मोटारींच्या वजनाने खाली झुकले. आधी हातांतल्या कार्बनच्या कापडावरच संशय घेतला. पण कार्बनच्या धाग्याला एवढ्या उष्णतेने काहीच होत नाही. मऊ पडलं होतं ते इपॉक्सी रेझिन, म्हणजे धाग्यांना एकत्र धरून ठेवणारं, घट्ट होऊन कडक बनणारं रसायन. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी बहुतेक वेळा ५०-६० अंशांच्या आसपास ढिलं पडतं, आणि काळा पृष्ठभाग कडक उन्हात त्याच्याही वर जातो. रेझिनचा आधार सुटला की धागे दाबाखाली टिकत नाहीत.

नवे हात केले. २४ तास साच्यात घट्ट होऊ दिले, मग रेझिन आणखी पक्कं होऊन जास्त उष्णता सोसावं म्हणून साच्यासकट ओव्हनमध्ये ठेवले: तासाला १० अंश वाढवत ८० पर्यंत, तिथे ६ तास, मग ओव्हन बंद करून आतच थंड. साच्याबाहेर काढून घाईने तापवलेला पहिला तुकडा पिळवटला होता. (स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी अजिबात वापरू नका.) तापमान आणि वेळ आपल्या रेझिनच्या माहितीपत्रकातूनच घ्या, प्रमाणाबाहेर तापवलं तर रेझिन खराब होऊन ताकद उलट घटते.

परवा पुन्हा भर दुपारी तासभर उन्हात ठेवला. हात सरळ राहिले.