दार उघडल्यावरची पहिली दहा मिनिटं

फॉस्टर पालकत्वाचे (दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळण्याचे) कागद, गृहभेट, बाल कल्याण समितीचा आदेश हे सगळं पार पडलंय असं धरते. मूल घरी यायच्या आधी कार्यकर्तीला थेट विचारा: याच्यावर लैंगिक अत्याचार झालाय का, आणि यानं दुसऱ्या मुलाशी तसं काही केलंय का? लाजेखातर बरेच जण विचारत नाहीत. उत्तर 'हो' आलं म्हणून मूल नाकारायचं नसतं, कोणी कुठे झोपायचं ते ठरवायचं असतं.

नियम पहिल्या दिवसापासून: प्रत्येकाचं अंथरूण वेगळं, अंघोळ आणि कपडे बदलणं एकट्यानं, दार वाजवून आत, मोबाइल बाहेरच्या खोलीतच. हे सगळ्यांना, आजोबांनासुद्धा. नव्या मुलापुरते नियम केलेत तर त्याला ते त्याच संध्याकाळी कळतं.

बरोबरीची चार-पाच वर्षांची मुलं एकमेकांच्या उघड्या अंगाकडे बघून खिदळतात आणि खेळायला हाक मारली की विसरतात. ते कुतूहल. पण वयात किंवा ताकदीत अंतर, जबरदस्ती, लालूच, 'कुणाला सांगू नकोस', वयाला न शोभणारी माहिती, किंवा समजावूनही पुन्हा तेच, यातलं एक जरी दिसलं तरी हलक्यात घेऊ नका. असं मूल स्वतः अत्याचारातून गेलेलंच असणार, असंही धरून चालू नका.

आता अवघड भाग. इथे मी स्वतः सपशेल आपटले होते.

नऊ वर्षांचा मुलगा आणि धाकटी एक मुलगी. आतून कडी. दार उघडल्यावर धाकटीचा चेहरा पाहिला आणि कळलं, हा खेळ नव्हता. मी त्याला एक ठेवून दिली आणि 'कुठून शिकलास, कोणी शिकवलं' असं दहा वेळा विचारलं. त्यानं चार वेगवेगळी उत्तरं दिली, माझा राग ज्यानं उतरेल असं वाटलं ती. पुढे चौकशीत विचारलं गेलं, 'तो आपणहून काय बोलला आणि तुमच्या प्रश्नांनंतर काय?' मला सांगता येईना. आणि तो दोन महिने कुणाशीच त्याबद्दल बोलला नाही.

म्हणून आधी स्वतःचा चेहरा सांभाळा. हात थरथरत असतील तर नळ सोडून भांडी विसळा. दोघांना वेगळं करा, एकाला बाहेर कुणाजवळ तरी, एकाला आपल्यापाशी. दोनच वाक्यं पुरतात: 'हे आपल्या घरात चालत नाही. तू मला नकोसा झालेला नाहीस.' मग पुढ्यात लसूण सोलायला द्या. मुलं डोळ्यांत डोळे घालून बोलत नाहीत, हाताला काम असलं की बोलतात. बोललाच तर 'हं' आणि 'मग?', याखेरीज काही नाही. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन तर मुळीच देऊ नका, ते पाळता येत नाही. धाकटीला एवढंच सांगा की तिची काही चूक नाही.

लगेच लिहून काढा, तारीख-वेळेसकट, त्याच्याच शब्दांत. अवयवाला तो जो घरगुती शब्द वापरतो तोच लिहा. शुद्ध शब्द घातलात की वाक्य तुमचं होतं.

त्याच दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा, नाहीतर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. अत्याचाराचा प्रकार असेल तर पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'पोराचं आयुष्य बरबाद होईल, घरातच मिटवा' म्हणणारे नातेवाईक तुमच्याबरोबर ठाण्यात येणार नाहीत. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्यानं गुन्हाच नाही, आणि मोठ्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, मोठ्यांच्या कोर्टात एकदम नाही. मुलगी जबाबासाठी ठाण्यात न्यायची नसते, पोलीस घरी येतात, तेही गणवेशाशिवाय. समुपदेशन दोघांनाही मागा.

शेजारीपाजारी एक अक्षर नको. मुलाची ओळख जाहीर करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई आहे.

पुढचे काही महिने दोघं एकटी एका खोलीत नकोत. पण जवळ घेणं थांबवू नका. मी थांबवलं होतं, तर तो शाळेतून आल्यावर दप्तर न उतरवता दारातच उभा राहायचा. आता मी ओट्यापासूनच विचारते, 'मिठी की टाळी?' बहुतेकदा टाळी मिळते.