घरगुती ऑइल कॅच कॅन बसवताना
ऑइल कॅच कॅन म्हणजे इंजिनातल्या वायूंसोबत येणारे तेल अडवून साठवणारा डबा. पीसीव्ही व्हॉल्व्हपासून (इंजिनातले हे वायू बाहेर सोडणारी झडप) इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा पोचवणारा भाग) जाणाऱ्या नळीच्या मध्ये हा डबा बसवायचा असल्याने तो पूर्ण हवाबंद असावा. कुठून हवा शिरली, तर इंजिनाचे आयडलिंग (गाडी उभी असताना संथ चालणे) बिघडते. प्लॅस्टिकची बाटली उष्णतेने आणि आतल्या निर्वाताने चेपते, म्हणून जाड धातूचाच डबा घ्यावा. आत येणारी नळी खोलवर, बाहेर जाणारी झाकणालगत ठेवून मधे स्टेनलेस स्टीलची जाळी घट्ट बसवावी, म्हणजे तेलाची वाफ तिच्यावर थंड होऊन तळाशी साचते. भांडी घासायचा काथ्या स्वस्त पडतो खरा, पण त्याचा सुटलेला तंतू थेट इंजिनात जाऊ शकतो. नळी पाण्याची नव्हे, तेलरोधक रबराचीच हवी. डबा एक्झॉस्टपासून दूर बसवून भरण्यापूर्वीच रिकामा करावा.