ब्रेक पॅड घरीच बदलताना

घरी पॅड बदलले की मजुरी वाचते. पॅडच स्वस्तातले घेऊ नका. पॅडचं घासणारं अस्तर ३ मिमीवर आलं की बदला, आणि एकाच अ‍ॅक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या) दोन्ही चाकांचे एकदमच.

गाडी नुसत्या जॅकवर सोडू नका, खाली स्टँड हवाच. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सुटला की तारेने वर बांधा. होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळू देऊ नका.

पहिल्या खेपेला मी स्लाइड पिना (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या) तशाच कोरड्या ठेवल्या. काही महिन्यांत आतला पॅड पार झिजला, बाहेरचा जवळजवळ नवा! केलेली बचत पाण्यात. आता पिना पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस बोटाने पातळसं लावतो; पिन रबरात सुळकन सरकली पाहिजे. ग्रीस पॅडच्या घासणाऱ्या बाजूला मात्र अजिबात नको.

कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा पिस्टन सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या पकडीने) हळूहळू आत दाबा. तेव्हा बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल चढतं, सांडलं तर गाडीचा रंग खातं. मागचे काही पिस्टन फिरवून आत जातात, त्यांच्यावर जोर करू नका.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. डिस्क मोजा, त्याहून जाड उरली असेल तर डिस्कचा खर्च टळला.

चाक बसवून ब्रेक पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, मगच गाडी हलवा. मी एकदा विसरलो, थेट गेटला टेकलो.